सहावी पाकळी

लो गार्थ
रविवार, २ जून २०१३

गॉर्डन,

उत्तरेचा दगडी गडगा, एकशे अडतीस यार्ड, चुन्या-सिमेंटचा कण न वापरता. ओकची तीन फाटकं, बिजागऱ्यांसकट. गवताच्या गोठ्याचं छप्पर, दगडी कौलं एकेक उतरवून आणि एकेक चढवून. आईच्या कपाटाची दारं. मधमाश्यांच्या चार पेट्या. गुरं पाणी पितात तो वरचा हौद. लांब विळ्याचे दोन दांडे, एक माझ्या उंचीचा, एक तुझ्या. आणि शेजारच्या तुझ्या तेव्हाच्या घराकडच्या गडग्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती ती बुजवली, अठरा इंच, तळापासून माथ्यापर्यंत, एप्रिल १९९१.

ही माझ्या दोन हातांची कामं. कोणाकडे शिकायला गेलो नाही. बापाला पुरून आलो त्या दिवशी चॅपलच्या हॉलमध्ये तू सगळ्यांदेखत विचारलं होतंस, "बापानं दिलं ते राखण्यापलीकडे तू स्वतः काय केलंस रे?" उत्तर द्यायचं राहिलं होतं. बावीस वर्षं उशीर झाला, पण यादी पुरी आहे. कोंबड्यांची खुराडी धरलेली नाहीत.

पत्ता पोस्टातल्या विनिफ्रेडकडून मिळाला. म्हटलं, भावाचा पत्ता तुझ्याकडे असेल का. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "दर ख्रिसमसला त्याचं कार्ड न फोडता परत पाठवतोस, नेव्हिल. पत्ता पाकिटाच्या पाठीवरच असतो की." दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोघंही हसली.

तब्येत बरी आहे. खुबा कुरकुरतो, पण तो आठव्या वर्षापासूनच कुरकुरतो. लाँग इंगचं कुरण यंदा उशिरा फुललं, मे थंड गेला. आता मात्र पार ओढ्यापर्यंत पिवळं आहे. त्या रानाकडे पाहिलं की मला नेहमी तो एकच दिवस आठवतो. जून १९६७, मी इस्पितळातून वीस महिन्यांनी परत आलो होतो, पायाला लोखंडी पट्ट्या. बापानं मला खांद्यावर घेतलं, रानाच्या मधोमध नेलं, वरच्या गडग्याकडे तोंड करून बसवलं. नजर जाईल तिथं बटरकपची पिवळी फुलं. म्हणाला, "बघून घे, पोरा. या रानाला नांगर लागलेला नाही. माझ्या बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही." हे मी शब्दाला शब्द लिहिलंय.

तुला हे का लिहितो आहे ते पुढच्या पत्रात. उत्तराची अपेक्षा नाही.

नेव्हिल कोट्स


रविवार, ९ जून

गॉर्डन,

मागच्या पत्रात एक चूक झाली. गडगा एकशे चाळीस यार्ड आहे. कोपरा धरायचा राहिला होता.

आता मुद्दा. गेल्या महिन्याच्या अखेरीस एका संस्थेची माणसं आली. ही संस्था जुनी कुरणं विकत घेते आणि आहेत तशी ठेवते. आली ती एक तरुण बाई, रोवेना नाव, गुडघे मातीनं भरलेले, आणि तिचा साहेब, बूट स्वच्छ. त्यांना लाँग इंग हवं आहे, चारही एकर. मी मरेपर्यंत इथंच राहायचं, दर जुलैत गवत कापायचं, फाटकाशी बापाच्या नावाची पाटी लागेल. आकडा सांगत नाही. तू म्हणशील नेव्हिल फुशारक्या मारतो.

मला फक्त एका कागदावर सही करायची आहे, की माझ्या माहितीप्रमाणे या जमिनीला कधीही नांगर लागलेला नाही.

यात अवघड काय, असं मलाही वाटलं. मी त्या दोघांना रान दाखवायला नेलं. पोरीनं माझी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "हे सगळे बटरकपच ना, मिस्टर कोट्स?"

म्हटलं, "मेंढी, शेळी आणि हरिण, तिघांना शेळी म्हटलं तर चालेल का? तो उंच, दांडा गुळगुळीत, तो कुरणाचा. तो बुटका, फुलाखालच्या हिरव्या पाकळ्या मान टाकल्यासारख्या खाली वळल्यात, तो गड्ड्याचा. आणि साहेबांच्या बुटाखाली आहे तो रांगता."

साहेबांनी बूट उचलला.

"कुठे शिकलात हो हे?" ती म्हणाली.

"भाजीच्या वाफ्यात. चाळीस वर्षं रांगता उपटतोय. रोज ज्याला शिव्या घालायच्या त्याचं नाव तरी नीट माहीत असावं."

ती खूश झाली आणि तिनं मला ती गोष्ट सांगितली. सांगितली नसती तर बरं झालं असतं. बटरकपाला पाकळ्या पाच. पण रांगता एकाच मुळाचे धागे सोडत, जमिनीला धरून शतकानुशतकं पसरत राहतो, आणि जसा म्हातारा होतो तशी कुठे कुठे सहावी पाकळी येते, सातवी येते. म्हणून शंभर रोपं बघायची, त्यातल्या किती रोपांना जास्त पाकळीचं फूल आहे ते मोजायचं, आणि त्याला सातानं गुणायचं. तेवढी वर्षं रानाला कोणी हात लावलेला नाही. "ढोबळ हिशेब आहे, मिस्टर कोट्स," असंही ती म्हणाली. ती वरच्या गडग्यालगत बसली, तासभर मोजलं. शंभरात एकोणतीस. दोनशे तीन वर्षं. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

ते गेल्यावर मी चहा केला आणि तो प्यायलो नाही. मला ढोबळ हिशेब आवडत नाहीत. बांबूच्या खुंट्या आणि सुतळी घेऊन गेलो, रानाचे चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनात स्वतः मोजलं. वरच्या अर्ध्यात अठ्ठावीस, तीस, एकोणतीस. ओढ्याकडच्या अर्ध्यात सहा.

सहाला सातानं गुण. मला वाटलं माझी नजर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळल्यावर, परत मोजलं. सात. एकाच रानात, एकाच गवतात, मध्ये ना गडगा ना चर, वर दोनशे वर्षं आणि खाली बेचाळीस ते एकोणपन्नास. मला यातलं काही उमगत नाही. ओल जास्त असेल ओढ्याकडे? पण ओल तर रांगत्याला आवडतेच. मेंढ्यांनी खाल्लं असेल? बटरकप हिरवा असताना कुठलंही जनावर त्याला तोंड लावत नाही, जीभ पोळते. वाळून गवत झालं की मगच खातात. मग काय?

चॅपलच्या हॉलमध्ये तू जे म्हणालास ते मला आठवतं. मी बापाबद्दल बोलायला उभा होतो, "ज्यानं लाँग इंगला कधी नांगर लावला नाही" असं म्हणालो, आणि तू हसलास. मग म्हणालास, "नांगर मी लावला, १९६६ साली, त्याच्याच सांगण्यावरून." त्यावर मी तुला जे म्हटलं ते इथं परत लिहीत नाही. ते सगळ्या खोऱ्यानं ऐकलंय.

मला तुझ्याकडून फक्त तपशील हवेत. कुठला भाग, कुठला महिना, किती इंच खोल. बाकी काही नको. ते लोक २८ तारखेला कागद घेऊन येतायत.

नेव्हिल


रविवार, १६ जून

गॉर्डन,

तुझं उत्तर नाही. विनिफ्रेड म्हणते पत्र पोचलं असणार, टपालात काही घोटाळा नाही. ती असंही म्हणाली, "बावीस वर्षं त्यानं वाट पाहिली, तू सात दिवस बघ." तिला कोणी विचारलं नव्हतं.

दरम्यान मी एक खड्डा खणला. खरं तर पाच खणले. दोन वर, तीन खाली, प्रत्येक दीड फूट. वरच्या दोन्हीत माती एकसारखी उतरत जाते, मधे मधे दगड. खालच्या तिन्हीत आठ इंचांपर्यंत एकही दगड नाही, आणि आठ इंचांवर सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. मी अर्धा तास त्या रेघेकडे बघत गुडघ्यांवर बसून होतो. मग उठता येईना.

दगड नाहीत तर दगड गेले कुठे, हा प्रश्न पडला आणि तेव्हाच उत्तर समोर दिसलं. ओढ्याकडच्या गडग्यात पंधरा-वीस यार्डांचा एक तुकडा आहे, गोलसर, मातीनं पिवळट झालेले दगड, सांध्यावर सांधा आलेला, आतली भर नुसती कोंबलेली. मी त्याला कायम नावं ठेवत आलोय. कोणीतरी घाईत आणि रागात बांधलाय, असं मी पाहुण्यांना सांगतो. तो तू बांधलास का? असेल तर तिसऱ्या थरातला लांब दगड तू आडवा टाकलाय, त्याचं टोक गडग्याच्या पोटात जायला हवं होतं.

म्हणजे नांगर लागला होता. पण मग मला हे सांग. नांगरलेल्या रानात नुसतं रायगवत येतं, हिरवं, सपाट, एका फुलाला महाग. मी पोर होतो तेव्हापासून त्या खालच्या अर्ध्यात बटरकप आहेत, खडखड वाजणारी पिवळी शेंगुळी आहे, रानजिरेनियम आहे, वर आहे ते सगळं खाली आहे. मी पंचेचाळीस वर्षं ते रान कापतोय आणि मला कधी फरक दिसला नाही. मला, म्हणजे जो फाटकाची बिजागरी केसाएवढी सरकली तरी ओळखतो त्याला. मी वेडा आहे, की रान खोटं बोलतंय, की बाप?

आज जेवलो नाही. गोड कर्ड टार्ट केला होता, तो कोंबड्यांना घातला.

रोवेनाचा फोन आला होता. तिला खालचे आकडे सांगितले. तिनं ते दोनदा वदवून घेतले. मग म्हणाली, "मी खाली मोजलेलं नाही, मिस्टर कोट्स. मला कोणी मोजायला सांगितलेलंही नाही." पोरगी चांगली आहे. तिला ते रान हवंय, म्हणून म्हणाली. पण फोन ठेवल्यावर मला जास्तच गोंधळल्यासारखं झालं, कारण सगळे मला सही करायला मोकळं करतायत आणि पेन तेवढं हातात धरवत नाही.

लिही काहीतरी. शिव्या लिही.

नेव्हिल


सोमवार, २४ जून

प्रिय गॉर्डन,

तुझं पत्र शनिवारी आलं. चार वेळा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, बाहेर पळायच्या बेतात असल्यासारखं.

तपशील ताडून पाहतो, कारण मला दुसरं काही सुचत नाही. तू लिहितोस एप्रिल १९६६, ओढ्याकडून सुरुवात, आठ इंच. माझ्या खड्ड्यांशी जुळतं. ट्रॅक्टर तू चालवत होतास, वय पंधरा, बाप मागून दगड वेचत येत होता. दोन दिवसांत अर्धं रान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई घरातून सरळ रानात आली आणि ट्रॅक्टरसमोर उभी राहिली, कोपरापर्यंत पीठ, हातात माझं पत्र.

ते पत्र मला आठवत नाही. त्या इस्पितळातलं मला छत आठवतं, चौदा तुळया. पण तू म्हणतोस मी दर आठवड्याला लिहीत होतो आणि दर पत्रात एकच विचारत होतो, लाँग इंग पिवळं झालं का. आणि आई बापाला म्हणाली, "तो तिथं पाठीवर पडून ही फुलं मोजतोय, आणि तू ती उलटी करतोस." बापानं ट्रॅक्टरची किल्ली स्वतः काढून घेतली.

मग त्या उन्हाळ्यात आणि शरदात तुम्ही दोघांनी गोठ्याचा माळा झाडला. गवताखालचा सगळा केर, पिढ्यान्‌पिढ्यांचं गळलेलं बी, पोती भरभरून, आणि तो उघड्या मातीवर हातानं फेकला. "आठ पोती," तू लिहितोस, "मला महिनाभर शिंका." हे मला सुचायला हवं होतं. मी स्वतः गडग्याकडेच्या उघड्या पट्ट्यांवर तोच केर टाकतो, बापाकडूनच बघून शिकलो. आणि वर सगळ्यांना सांगत फिरतो की कोणाकडे काही शिकलो नाही. म्हणून फुलं सगळी परत आली. फक्त रांगता बियातून नव्यानं उगवला, आणि नव्याला सहावी पाकळी यायला वेळ लागतो.

पण जून १९६७ ला ते सगळं उगवलं नसणार. एक हिवाळाच गेला होता. खालचा अर्धा ठिगळासारखा असणार. म्हणून मला वरच्या गडग्याकडे तोंड करून बसवलं. मला आता आठवतं, गॉर्डन, मी मान वळवायला लागलो तर बापानं माझं डोकं हातानं धरून परत समोर केलं. मला तेव्हा वाटलं लाड करतोय. लाडच करत होता. काय करत होता ते मला कळत नाही.

तू लिहितोस, "त्यानं मला शपथ घातली होती, लंगड्याला सांगायचं नाही. पंचवीस वर्षं नाही सांगितलं. तो गेला, वाटलं शपथही गेली. चूक एवढीच झाली की चॅपलच्या हॉलमध्ये, हॅमच्या सँडविचांसमोर सांगितलं." आणि खाली, "ओढ्याकडचा गडगा मीच बांधला. घाईत आणि रागात. तू ओळखलंस याचं नवल नाही. आजवर पडला नाही, हे लिहायला विसरलास."

पडला नाही. खरं आहे.

मला एवढंच समजत नाही की खोटं नेमकं कोण बोललं. बाप माझ्यासाठी बोलला. तू त्याच्यासाठी गप्प बसलास. आणि ज्यानं एकही खोटा शब्द उच्चारला नाही, त्यानं फट बुजवली. मी हे वाक्य तीन वेळा लिहून खोडलं. राहू दे.

तुला आठवतं का, माझ्या हनुवटीखाली बटरकप धरून तू म्हणायचास, "पिवळं दिसतंय, याला लोणी आवडतं, फक्त पावाला लावताना जीव जातो." काल आरशासमोर धरून पाहिलं. दाढी पांढरी झाली की काही दिसत नाही.

नेव्हिल


रविवार, ३० जून

प्रिय गॉर्डन,

सोबत खोकं आहे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. उघडल्याबरोबर लाव, सकाळचं ऊन, दुपारची सावली, मुळं कोरडी पडू देऊ नकोस. आईच्या दारापाशीची दुहेरी बटरकप, बटणासारखी. तुझी मॉरीन तिला ब्रह्मचाऱ्याची बटणं म्हणायची आणि बिनलग्नाच्या दिराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायची. तिला बी धरत नाही. आजीनं आईला दिली, आई गेल्यापासून मी दर तीन वर्षांनी खणून फोडतो आणि परत तिथंच लावतो, कारण द्यायला कोणी नव्हतं. अर्धा गड्डा तुझा. तुमच्याकडच्या सपाट काळ्या मातीत ती माजेल. माजली तर कापून काढ, लाड करू नकोस.

मंगळवारी फट उघडली. बुजवायला दीड दिवस लागला होता, उघडायला सव्वा तास. बांधकाम चांगलं होतं, एकही दगड हलला नव्हता. पहिला काढायला पहार लागली. तुझ्या जुन्या घरात आता सुट्टीपुरते लोक येतात. एक बाई खिडकीतून म्हणाली, "भिंत पाडताय का, काका?" म्हटलं, "नाही, दुरुस्त करतोय." ती गोंधळली. मीही जरा गोंधळलो. रुंदी अठराच इंच ठेवली आहे. विनिफ्रेड म्हणते तिच्याकडच्या फोटोत तू बराच सुटलायस. पोट आत घेऊन ये.

तुझ्या उंचीचा विळ्याचा दांडा १९९१ च्या जानेवारीत केला होता, बाप आजारी होता आणि वाटत होतं जुलैत आपण दोघांनीच कापायचं. अजून भिंतीला टांगलेला आहे. तेल दरवर्षी लावतो. लाकूड फुकट का घालवा.

पावसानं साथ दिली तर कापणी १५ जुलैला धरतो. खालचा अर्धा ज्यानं पेरला त्यानं कापावा, असं माझं म्हणणं आहे. रानाचं पुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही. खुबा आणखी दोन उन्हाळे काढेल, फार तर तीन. रोवेना म्हणते वरच्या अर्ध्यासाठी वेगळं काही होतं का ते ती विचारून बघेल, वचन देत नाही. मी खालचं आणखी एकदा मोजलं, तिसऱ्यांदा. साडेसहा येतं, म्हणजे एका रोपाच्या फुलाला सहावी पाकळी आहे की पाचवीच फाटलीय ते मला ठरवता येईना. पहिल्यांदाच एखादी गोष्ट अर्धवट सोडली.

शुक्रवारी ते दोघे कागद घेऊन आले. मी खड्डे दाखवले, रेघ दाखवली, तुझं पत्र दाखवलं. सगळं नाही, एप्रिल आणि आठ इंच एवढं. साहेब म्हणाला, "कागदावर 'माझ्या माहितीप्रमाणे' म्हटलंय, मिस्टर कोट्स. तुमच्या लहानपणी तुम्हाला जे सांगितलं गेलं, तीही माहितीच." पोरगी जमिनीकडे बघत होती. म्हटलं, "मला हे वडिलांनी सांगितलं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. भावानं सांगितलं, तेव्हा तेहतीस. तेव्हाच ऐकायला हवं होतं." सही केली असती तर तू दुसऱ्यांदा खोटा ठरला असतास, आणि या वेळी लेखी.

आकडा तुला सांगितला नव्हता. चार एकरांना, उभ्या गवतासकट, बापाच्या नावाच्या पाटीसकट, मरेपर्यंत इथं राहायच्या हक्कासकट, ते अडुसष्ट हजार पौंड देत होते. त्यांना मी 'नाही' म्हणालो.

नेव्हिल